टिटवी आणि ट्रॅक्टर

एका विद्यापीठाच्या आवारात, ग्रंथालयामागच्या मोकळ्या माळावर एक टिटवी राहत असे. माळावर होते काय, तर खडे, वाळके गवत आणि मध्ये मध्ये तरवडाची झुडपे. चैत्र सरता सरता तिने त्या खड्यांतच चार अंडी घातली. जवळून जाणाऱ्यालाही ते खडेच वाटावेत, असा त्यांचा रंग होता. कुत्रे आले, माणूस आला की टिटवी गुपचूप दूर पळत जाई आणि तिथून ओरडत उडे. येणारा तिच्या मागे जाई, अंडी सुखरूप राहत. लपवण्यात आपला हात धरणारे कोणी नाही, असे तिला वाटे.

जवळच कार्यालयासमोर विकत आणून अंथरलेली हिरवळ होती. तिथे रोज पाण्याचे फवारे उडत आणि ओल्या मातीतले किडे टिपत एक साळुंकी मजेत फिरे. एके दिवशी ती एक बातमी घेऊन आली. उद्या माळ सपाट करून त्यावरही अशीच हिरवळ घालणार, असे तिने माळ्यांच्या बोलण्यात ऐकले होते. "तू इथून नीघ. अंडी काय, पुन्हा घालता येतील," ती म्हणाली. पण टिटवी अंड्यांवरच बसून राहिली.

सकाळी ट्रॅक्टर आला. त्याच्या पुढे मोठे दगड वेचत गयाबाई नावाची माळीणबाई चालत होती. टिटवी नेहमीसारखी दूर पळाली, ओरडत उडाली, गिरक्या घेऊ लागली. पण ट्रॅक्टर काही कुत्र्यासारखा तिच्या मागे येईना. तो सरळ अंड्यांकडे निघाला. तेव्हा टिटवीने जे कधीच केले नव्हते ते केले. ती परत फिरली आणि सगळ्यांच्या देखत अंड्यांवर पंख पसरून उभी राहिली. आवाज जवळ येत गेला, तरी ती हलली नाही. गयाबाईने वाकून पाहिले आणि हात वर केला. "थांबा भाऊ," ती चालकाला म्हणाली, "इथं हिचं घर आहे."

गयाबाईने अंड्यांभोवती दगडांचे कडे केले आणि कार्यालयात जाऊन सगळे सांगितले. विद्यापीठाचा कारभार पाहणारे कुलसचिव आधी कुरकुरले, मग महिनाभर थांबायला कबूल झाले. त्या महिन्यात ऊन वाढले, विहिरीचे पाणी तळाला गेले, फवारे बंद पडले आणि कार्यालयासमोरची हिरवळ पिवळी पडली. अंड्यांतून चार पिल्ले बाहेर आली, तेव्हा कुलसचिव ती पाहायला माळावर आले. तरवड फुलांनी भरला होता. त्यांनी विचारले, "याला पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही, साहेब," गयाबाई म्हणाली. "हा इथलाच आहे. याला इथलं ऊन सोसतं."

कुलसचिवांनी वळून कार्यालयासमोरच्या पिवळ्या हिरवळीकडे पाहिले. पुढच्या आठवड्यात हिरवळीचा बेत रद्द झाला. माळ होता तसा राहिला, कडेने आणखी तरवड आणि बोरी लावल्या गेल्या, आणि विद्यार्थी तिथल्या पायवाटेने हळू चालू लागले.

आता साळुंकीही किडे शोधायला माळावर येऊ लागली. एकदा तिने टिटवीला विचारले, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली का?

"खूप वाटली," पिल्लांवरची नजर न काढता टिटवी म्हणाली. "पण मी उडून गेले असते, तर त्या बाईंना नुसते खडेच दिसले असते."

तात्पर्य : लपून राहिल्याने पुष्कळदा निभावते, पण आपले घर वाचवायचे, तर कधी तरी सर्वांना दिसेल असे उभे राहावे लागते.