राळेतली गांधीलमाशी

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी, झाडावरून ओघळणाऱ्या राळेत एक चिमुकली गांधीलमाशी अडकली. राळेचा खडा झाला, तरी माशीचा राग काही जाईना. "मेले, माझं आभाळ गिळलंस!" ती राळेला म्हणायची.

युगं उलटली. संग्रहालयातल्या सुमेधाबाईंनी खडा भिंगाखाली धरला. "पंखांच्या शिरा दिसल्या तरच कूळ ठरेल, नाहीतर हिला अनोळखींच्या डब्यात टाकावं लागेल. राळ घासूनच बघते."

"अगं, झिजशील!" राग विसरून माशी राळेसाठी कळवळली.

"झिजू दे. तुला ओळख मिळेल," राळ म्हणाली.

राळ पापुद्र्याएवढी उरली, तेव्हा शिरा स्पष्ट दिसल्या. बाई हरखल्या, "अळीच्या पोटात वाढून तिलाच खाणाऱ्यांपैकी ही!"



"पहिलं घर मी खाऊन बाहेर पडले, ताई," माशी राळेला म्हणाली. "तू मात्र मला पोटात जपून स्वतःच झिजलीस."