पाखऱ्याची चंदी

एका गढीच्या गावात सुभानजी नावाचा चाबुकस्वार राहत असे. घोडे शिकवून तयार करणे हा त्याचा पिढीजात धंदा. धंद्याच्या नावात चाबूक असला, तरी त्याच्या हातात तो कुणी कधी पाहिला नव्हता. कितीही अडेल जनावर असो, सुभानजी त्याला गोडीगुलाबीने वळणावर आणी. पंचक्रोशीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे सुभानजीलाही ठाऊक होते. जरा जास्तच ठाऊक होते.

गढीचे धनी मानाजीराव सरदार. त्यांनी ज्या लढाया मारल्या, त्या बहुतेक पाखऱ्या नावाच्या घोड्याच्या पाठीवरून. पाखऱ्याला शिंगरू असल्यापासून सुभानजीनेच शिकवले होते. लढाईत स्वाराच्या एका हातात भाला असतो, दुसऱ्यात ढाल. म्हणून स्वाराने लगाम मानेवर टाकला, की मागेपुढे न बघता भरधाव सुटायचे, हे त्याने पाखऱ्याच्या हाडीमाशी भिनवले होते.

आता लढाया सरल्या. सरदार थकले, घोडाही थकला. एके दिवशी सरदारांनी सुभानजीला बोलावून घेतले.

"सुभानजी, आता पाखऱ्याला रपेटीची चाल शिकव. संध्याकाळी नदीकाठानं हवा खात जावं म्हणतो. खांदे दुखतात, लगाम ओढवत नाही. सैल सोडला तरी घोडा दुडक्या चालीनं डुलत गेला पाहिजे. नाही जमलं, तर तटाच्या कामावर चुन्याचा घाणा ओढायला जाईल. बसून खाणारं जनावर पोसायची गढीची ऐपत राहिली नाही."

चुन्याच्या घाण्याला जुंपलेले जनावर डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल फिरते. नाकातोंडात चुना जातो. तिथून परत आलेले जनावर गावाने पाहिले नव्हते.

सुभानजी जिवाचे रान करून कामाला लागला. पाखऱ्यावर बसायचा, लगाम सैल करायचा. घोडा उसळून धावू लागला, की त्याला गोलात घ्यायचा, आपोआप शांत होईपर्यंत फिरवायचा आणि मग मानेवर थोपटायचा. ज्या खुणेचा अर्थ जन्मभर 'धाव' होता, तिचा अर्थ आता 'सावकाश' झाला होता. बिचाऱ्याला काही उमजत नसे. तो कान टवकारून सुभानजीकडे बघत राही. तरी हळूहळू फरक पडू लागला. एक हिवाळा मिळाला असता, तर पाखऱ्या नक्की शिकला असता.

पण दसऱ्याच्या आधी भर बैठकीत कारभारी हसत म्हणाला, "काय सुभानजी, पिकल्या बांबूला बाक येतोय का?"

सगळे हसले. सुभानजीला ते झोंबले. तो ताडकन म्हणाला, "दसऱ्याला सरकार याच घोड्यावरून सीमोल्लंघनाला जातील. लगाम सैल सोडून!"

बोलून बसला आणि घरी येऊन कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी जाऊन 'मुदत द्या' म्हटले असते, तर सरदारांनी दिली असती. पण तेवढे म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने सोपी वाट धरली. पाखऱ्याची चंदी, म्हणजे रोजचा हरभऱ्याचा दाणा, त्याने निम्म्यावर आणली. मग त्याहूनही कमी केली. घोडा वाळला. लगाम सैल केला, तरी धावायला अंगात त्राणच उरले नाही. तो मान खाली घालून सावकाश चालू लागला.

सुभानजीची बायको सगुणा हे बघत होती. ती म्हणाली, "धनी, उपाशी ठेवून शहाणपण आलं असतं, तर दुष्काळात सगळा मुलूख शहाणा झाला असता."

सुभानजीने ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले.

दसऱ्याला सरदार पाखऱ्यावर बसले. ढोल वाजत होते, शिंगे फुंकली जात होती, आणि लगाम मानेवर टाकलेला असूनही घोडा मेंढरासारखा चालत होता. लोकांनी तोंडात बोटे घातली. कारभाऱ्याने सगळ्यांसमोर सुभानजीला हात जोडले. सरदार तर इतके खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, "आमच्या पाखऱ्याला आजपासून दुप्पट चंदी! आम्ही स्वतः उभं राहून चारू."

सुभानजीने खरे सांगायला तोंड उघडले. पण तेवढ्यात कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला आणि त्याने तोंड मिटले.

सरदार रोज सकाळी पागेत येऊन पाखऱ्याला आपल्या हाताने चारू लागले. सुभानजी रोज ठरवी, आज सांगायचे. रोज जाई आणि मुजरा करून परत येई. पाखऱ्याच्या अंगावर पुन्हा तजेला चढला.

एका संध्याकाळी नदीकाठाला सरदारांनी लगाम मानेवर टाकला, आणि पाखऱ्या जन्मभर शिकला होता तसा भरधाव सुटला. ओढ्याच्या वळणावर सरदार फेकले गेले. त्यांचे मांडीचे हाड मोडले. थोडे पुढे जाऊन पाखऱ्याने पाहिले, समोर शत्रू कुणीच नाही. तो मागे वळला आणि पडलेल्या धन्याशेजारी येऊन उभा राहिला. माणसे धावत येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

सरदारांनी अंथरुणावरूनच हुकूम दिला, "खोड मेल्याशिवाय जात नाही. घाण्याला जुंपा त्याला."

आता मात्र सुभानजीला राहवेना. त्याने धावत जाऊन सरदारांचे पाय धरले. "सरकार, घोड्याची चूक नाही! त्याला चाल आलीच नव्हती. मी त्याला उपाशी ठेवला, म्हणून तो दसऱ्याला शांत चालला. दोष माझा आहे. घाण्याला मला जुंपा!"

सरदारांच्या डोळ्यांत पाणी आले. ते कारभाऱ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? जनावरासाठी हा स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतोय. अशी माणसं आता कुठं राहिली?"

"देवाशप्पथ सांगतो, सरकार, खरं आहे हे!"

"पुरे, सुभानजी," सरदार मायेने म्हणाले. "तू जनावराला उपाशी मारशील, हे दगडसुद्धा खरं मानायचा नाही."

सुभानजीने पुन्हा पुन्हा शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या, तितका तो लोकांच्या नजरेत मोठा होत गेला. सगुणेलाही त्याने साक्षीला उभे केले. लोक म्हणाले, नवऱ्यासारखीच बायकोही देवमाणूस आहे.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्या पागेतून हलेना. तो कुणालाच हात लावू देईना. शेवटी सुभानजीलाच बोलावले. त्याला पाहताच पाखऱ्या मुकाट त्याच्यामागे चालू लागला. घाण्यापाशी सुभानजीने झापड हातात घेतली, तेव्हा घोड्याने आपणहून मान खाली केली, त्याला बांधायला सोपे जावे म्हणून. सुभानजीने झापड बांधली. भोवतीचे लोक त्याच्या भूतदयेचे गोडवे गात होते.

तात्पर्य: खोटेपणाने मिळवलेला मान असा घट्ट चिकटतो, की पुढे खरे सांगायला गेले तरी कुणी खरे मानत नाही, आणि त्याची शिक्षा मात्र निरपराध भोगतो.