आंब्यातली ढोली

या डोंगराला अजून कुणी कुंपण घातलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आंब्यावरचा पोपट दुसऱ्या रानात राहायला निघाला, म्हणून त्याने आपल्या ढोलीचा लिलाव पुकारला. खारीला ती हवीच होती. तिच्या शेंगा कुठे मावत नव्हत्या, उघड्यावर भिजून कुजत होत्या.

"शेंगांचा एक ढीग," खार म्हणाली.

"दोन," खालून घूस म्हणाली.

खारीची शेपटी फुलली. हिला झाडावर चढता तरी येतं का? "तीन!"

"चार."

आता ढोलीकडे कुणीच बघत नव्हतं. खार घुशीकडे बघत होती आणि घूस खारीकडे.

"माझ्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या!" खार ओरडली. घूस मागे सरली.

"एक वार, दोन वार, तीन वार!" पोपटाने चोच फांदीवर आपटली.

खार ऐटीत खाली उतरली. "घूसमावशी, तुम्हाला कशाला हवी होती हो ढोली?"

"मला कशाला? तू एवढी इरेला पेटलीस, म्हटलं आत काहीतरी असणार."

पोपट शेंगा घेऊन गेला. खार ढोलीत शिरली. ढोली खरंच छान होती. कोरडी, खोल, ऐसपैस. शेंगा ठेवायला अगदी हवी तशी.