बोरीची काटी

एका राज्यात एक तळे होते. तळ्याभोवती रान होते आणि रानातून तीन वाटा फिरत होत्या. वरची वाट कड्यावरून जाई, मधली जांभळींच्या सावलीतून, आणि खालची पाण्याला खेटून. सुगी आटोपली की राज्यातली माणसे तिथे हौसेने फिरायला येत. शिदोऱ्या सोडत, फांद्यांना झोके बांधत, पोहणारे कड्यावरून पाण्यात उड्या मारत. राजा दुर्गसेनही येई. पण तो चालत नसे. राजाचा पाय मातीला लागू नये अशी त्या घराण्याची रीत होती. तो मेण्यात बसून फिरे, आणि आज फार फिरलो असे म्हणे.

त्या रानाचीही एक रीत होती. होळीची राख गार झाली की खालच्या वाटेच्या तोंडावर बोरीची काटी आडवी पडे. काटी म्हणजे काट्यांची वाळकी फांदी. तिला कुलूप नाही, तिच्यापाशी पहारा नाही. पण काटी दिसली की माणूस मागे फिरे. त्या दिवसांत खालच्या वाटेवर टिटव्या अंडी घालत. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या खड्यांवर अंडी ठेवते, आणि खडा कुठला, अंडे कुठले, हे चालत्या माणसाला कळत नाही. पिल्ले उडाली की काटी निघे. जिने टाकली तिनेच ती काढायची.

काटी टाकणारी होती म्हातारी ठकाई. काटी जो टाकतो तो आत राहतो, पुन्हा बाहेर येत नाही, अशी तिथली चाल. ठकाईच्या आधी तिची सासू आत राहिली होती. लोक वाटेच्या तोंडाशी पीठ-मीठ ठेवत आणि मागे न पाहता जात.

राजाला एकच मुलगी होती, केतकी. एका चैत्रात तिला बघायला शेजारच्या राज्याचा युवराज कीर्तिमान आला. राजाने त्याला तळे दाखवायला नेले. पुढे युवराज आणि त्याची माणसे, मागे केतकी, तिच्या मागे राजाचा मेणा. खालच्या वाटेच्या तोंडाशी सगळे थांबले.

"का थांबलो?" युवराजाने विचारले.

"काटी आहे," केतकी म्हणाली. "मधल्या वाटेने जाऊ. तीही चांगली आहे."

युवराज हसला. "आमच्याकडे राजा रस्ता अडवतो. तुमच्याकडे फांदी राजाला अडवते वाटतं?"

त्याची माणसेही हसली. तेवढे पुरले.

झाडीतून ठकाई पुढे आली. "राजा, पाखरं बसल्यात. पिल्लं उडू देत, मग खुशाल फीर."

दुर्गसेन मेण्यातून उतरलासुद्धा नाही. त्याने चांदीची छडी बाहेर काढली, काटी टोकाने उचलली आणि तळ्यात भिरकावली. काटी बुडाली. "चला," राजा म्हणाला.

केतकी जागची हलली नाही. "आबा, नको."

"पाहुण्यांसमोर मला नाही म्हणू नकोस. चल."

ती चालली. सगळे चालले. ठकाई त्यांच्या पुढे वाकून धावत सुटली, पायांखालची अंडी पदरात गोळा करू लागली. दोन तिच्या हाती लागली. बाकीची फुटली. फुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. मेण्यात तो ऐकू आला नाही.

तळ्याला एक फेरा झाला. भोयांनी मेणा खाली ठेवायला हवा होता. त्यांनी ठेवला नाही.

"थांबा," राजा म्हणाला.

"पाय थांबत नाहीत, महाराज," पुढचा भोई म्हणाला.

कोणाचेच थांबत नव्हते. त्या वाटेला ज्याचा पाय लागला होता तो चालत होता, आणि वाट सोडून बाजूला पाऊल पडत नव्हते. ठकाईचेही तेच. शापाने बरा-वाईट निवडला नाही. एकट्या राजाचा पाय वाटेला लागला नव्हता. त्याने वरून गेलेली जांभळीची फांदी धरली, मेणा खालून निघून गेला, आणि राजा फळासारखा लोंबत राहून शेवटी एका धोंडीवर आदळला.

धोंडीवर टिटवी बसली होती.

"राजा," टिटवी म्हणाली, "तू माझी वाट उघडलीस. आता तिच्यावर चालणं बंद होणार नाही. पायांखाली वाट खोल होत जाईल. तळ्याच्या पाण्याखाली गेली की मधली मातीची भिंत फुटेल आणि चालणारे बुडतील."

"माझी मुलगी सोड."

"मी धरलेली नाही."

"मग उपाय सांग."

"काटी कुठे टाकलीस? ती आण."

राजा मोजडीनिशी तळ्यात उतरला. तळाशी डोहबा मांत्रिक राहत होता. तळ्यात जे बुडे ते त्याचे होई. बुडालेल्या होड्या, वाहून आलेल्या मूर्ती, पोहणाऱ्यांच्या अंगठ्या, आणि एका जुन्या राजाचा सगळा खजिना त्याच्या घरात रचलेला होता. त्या सोन्याला शाप होता. जो त्याला हात लावी त्याला दुसरे काही दिसत नसे. खजिन्याशेजारी आंधळ्यांची एक रांग बसली होती, खुशीत.

"हवं ते एक ने," डोहबा म्हणाला. "मी सांगेन ते एक ठेव."

"बोरीची काटी ने‌तो."

"सोनं आहे."

"काटी."

डोहबा हसला. "मग मोजडी काढ."

सोन्याकडे राजाने वळूनही पाहिले नव्हते. पण मोजडी म्हणताच तो थांबला. बापाचा, आज्याचा, कोणाचाच पाय मातीला लागला नव्हता. मग त्याने मोजडी काढली, काटी घेतली आणि तो वर आला. काठावर पहिले पाऊल टाकले तेव्हा तळव्यात सराटा घुसला. राजाला काटा कसा काढायचा ते ठाऊक नव्हते. तो तसाच चालला.

तोवर वरती बरेच दिवस गेले होते. वाट छातीएवढी खोल झाली होती. पहिल्यांदा गावकऱ्यांनी काठावरून भाकरी-पाणी दिले होते. मग पाणी देता देता एक दासी आत घसरली, आणि तीही चालू लागली. त्यानंतर गावकरी परतले. तळ्याशी कोणी फिरकेना.

"काटी आणली," राजा टिटवीला म्हणाला.

"आता माझी दोन अंडी म्हातारीच्या पदरात आहेत. ती उबव."

राजा वाटेच्या कडेने ठकाईबरोबर चालू लागला. ती खाली, तो वर. तिने मान वर केली नाही.

"आलास?"

"अंडी दे, ठकाई."

"फोडायला?"

"उबवायला."

म्हातारीला हसू आले. "पोटची पोर तरी कधी मांडीवर घेतली व्हतीस का, राजा?"

राजाला राग आला. तो त्याने गिळला. "दे म्हणतो ना."

"देते. माझ्या अंगात आता ऊबच ऱ्हायली न्हाई, म्हून देते. तुला बसावं लागंल."

"बसता येतं मला."

"ते बसणं निराळं. हितं उठायचं न्हाई. कुणी मेलं तरी उठायचं न्हाई. गार पडली की संपलं."

तिने चालता चालता अंडी वर केली. राजाने डोक्यावरचा मंदील काढून ती त्यात घेतली, मंदील छातीशी धरला आणि तो वाटेच्या कडेला मांडी घालून बसला. तळे त्याच्या पाठीशी होते.

बसलेल्यासमोरून चालणारे जात होते. युवराज जाई तेव्हा शिव्या देई. भोई जात तेव्हा रिकामा मेणा अजून त्यांच्या खांद्यावर असे. आणि दर फेऱ्याला केतकी येई.

"आबा," ती पहिल्यांदा म्हणाली, "तुम्ही आलात."

"आलो."

पुढच्या फेऱ्याला ती म्हणाली, "आबा, पाणी."

चैत्राचे ऊन होते. पाणी राजाच्या पाठीमागे चार पावलांवर लागत होते. ती पाण्याच्या कडेनेच चालत होती, पण मधे मातीची भिंत होती. राजा उठला नाही.

पुढच्या फेऱ्याला, "आबा, ऐकू येत नाही का? ओंजळभर आणा."

राजाच्या मांडीला मुंगी चावली, तीही त्याने झटकली नाही. "अंडी गार पडतील," तो म्हणाला.

केतकी पुढे गेली. पुन्हा आली तेव्हा तिचे ओठ फुटले होते.

"त्या दिवशीही तुम्ही बसूनच होता, आबा."

एवढे बोलून तिने बोलणे सोडले. नंतरच्या फेऱ्यांना ती येई आणि जाई, पण वर बघत नसे. राजा तिच्याकडे बघे. छातीशी दोन अंडी होती, त्यांत काहीतरी हलत होते, आणि समोर एकुलती मुलगी सुकत होती. उठलो तर पाणी पाजीन आणि बुडवीन, हे त्याला कळत होते. न उठलो तर जगेल, पण माझी राहणार नाही, हेही कळत होते. तो बसला. आयुष्यात अंग मोडून केलेले त्याचे हे पहिले काम. ते त्याला ह्या मोलाने मिळाले.

वाट डोक्याएवढी खोल झाली. मग भिंतीला घाम फुटला. इतके दिवस जिच्यातून थेंब येत नव्हता ती भिंत पाझरू लागली. केतकीने चालता चालता तोंड लावून चिखल चाटला. पाणी घोट्याला आले, गुडघ्याला आले, कमरेला आले. युवराजाच्या शिव्या थांबल्या आणि तो देवाचे नाव घेऊ लागला. म्हातारी ठकाई पाण्यातून एकेक पाऊल उचलत होती.

तेव्हा मंदिलात टकटक झाली. अंडी फुटली. टिटवीचे पिल्लू उपजताच पळते. दोन्ही पिल्ले राजाच्या मांडीवरून उतरली, काठावरून खाली पडली, पाण्यावरून तरंगत पलीकडच्या काठाला लागली आणि वर चढली. ती वाट ओलांडून गेली तशी वाट वर आली. पाणी तळ्यात परतले. चालणाऱ्यांचे पाय सुटले.

कोणी मटकन बसले, कोणी रडले. भोयांनी मेणा खाली ठेवला आणि त्याला लाथ मारली. युवराज कीर्तिमान आपल्या माणसांसकट निघून गेला. निरोप घेतला नाही. मुलगी बघायला आलो होतो हेही त्याच्या ध्यानात नव्हते.

ठकाई एका धोंड्याला टेकली. "बसले बया एकदाची," ती म्हणाली. ती पुन्हा उठली नाही.

"राजा," टिटवी म्हणाली, "सगळ्यांना वाटेबाहेर काढ. सूर्य मावळायच्या आत काटी पडली पाहिजे. नाही पडली तर पाय पुन्हा धरतील."

राजाने सगळ्यांना बाहेर काढले. वाटेच्या तोंडाशी तो काटी घेऊन उभा राहिला. "बाहेरून टाकू का?"

"काटी आतून पडते. टाकणारा आत राहतो. तू राज्यातली एक रीत मोडलीस. आता ती तुला पाळायची आहे."

"किती दिवस?"

"म्हातारीने विचारलं नव्हतं."

केतकी बाहेर उभी होती. दासीने तिला पाणी पाजले होते. राजा तिच्याकडे आला, पण वाटेच्या तोंडाच्या आतच थांबला.

"मी पाणी मागितलं होतं," ती म्हणाली.

"ऐकलं होतं."

"मग?"

"उठलो असतो तर तू बुडाली असतीस."

"ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणून तहान गेली नाही, आबा."

राजाने राजेपणाचा तो मंदील तिच्या हाती दिला. ती पाया पडायला वाकली नाही. त्यानेही हात उचलला नाही. त्याने काटी आडवी टाकली, आणि सूर्य मावळला.

मग राज्य पूर्वीसारखे झाले. केतकी गादीवर बसली. तिने चांगला न्याय केला. तिच्या राज्यात मेणा नव्हता. भोयांनी जमिनी कसल्या. सुगी आटोपली की माणसे पुन्हा तळ्याशी येऊ लागली, झोके बांधू लागली, कड्यावरून उड्या मारू लागली. होळीची राख गार झाली की खालच्या वाटेवर काटी पडे, आणि काटीपलीकडे एक अनवाणी म्हातारा दिसे. नवी माणसे विचारत, हा कोण? जुनी सांगत, काटीवाला.

दर चैत्रात राणी केतकी पायी चालत वाटेच्या तोंडाशी येई. पाण्याने भरलेला तांब्या काटीपाशी ठेवी आणि मागे न पाहता जाई. बापाला तहान लागली असेल म्हणून ठेवी, की त्याला आठवण राहावी म्हणून, ते दुर्गसेनाने कधी विचारले नाही. तो ते पाणी कधी प्यायलाही नाही. खड्यांवर अंडी घेऊन बसलेल्या टिटवीला उन्हात उठता येत नाही. तिच्या चोचीसमोर तो ते पाणी करवंटीत ओतून ठेवी.

शाप सुटला, वाट निजली, राज्य सुखी झाले. एकाला सोडून. ज्याला रानात काटी आडवी दिसेल त्याने मागे फिरावे. कहाणी तिच्यापलीकडे जात नाही.