न्हानूचं बाकडं

आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सवाला मणिपूरपासून श्रीलंकेपर्यंतचे कलावंत जमले होते. कोकणातून दशावतारी नट न्हानू गावडे आपली मंडळी घेऊन आला होता. दशावतारात राजाचं सिंहासन म्हणजे एक साधं लाकडी बाकडं. ह्याच बाकड्यावर न्हानूचा बाप रावण होऊन बसायचा. तालीम बघायला हे सगळे पाहुणे कलावंत समोर बसले होते. ते बाकडं रंगमंचावर दिसलं मात्र, महोत्सवाचे संचालक सरदेशमुख भडकले.

"ही काय गावची जत्रा वाटली? मी हे सोनेरी सिंहासन मागवलंय. त्यावर बसणार असाल तर खेळ होईल, नाहीतर रद्द!"

मंडळींचे चेहरे उतरले. न्हानू गालात हसला. "सायबानू, तुमी थय सिंहासनार बसा, मी हय बाकड्यार बसतंय. राजा कोण, ता हे पावणे ठरवतले."

सरदेशमुख ऐटीत सिंहासनावर रेलले. न्हानू बाकड्यावर बसला. ना मुकुट, ना रंग, अंगावर नुसती बनियन-लुंगी. त्यानं पाठ ताठ केली, नजर रोखली आणि आवाज चढवला, "प्रधानजी! आमच्यासमोर बसून राहण्याची हिंमत या दरबारात कोणी केली?"

मराठीचा गंधही नसलेली मणिपुरी नटी नकळत हात जोडून उभी राहिली. आणि सरदेशमुख? तेही ताडकन उठले, "मी... मी..." करत.

न्हानूनं राजेपण क्षणात उतरवून ठेवलं आणि आपल्या बोलीत हळूच विचारलं, "सायबानू, सिंहासन तर तुमच्याकडे होतां. मगे तुमी कित्याक उठलात?"