चिमाईची पाणपोई

भक्तहो, गिरणेच्या काठी आंबेवणी नावाचे एक लहानसे गाव होते. त्या गावाच्या वेशीबाहेर श्री निर्मळनाथ महाराजांचा मठ. मठ म्हणजे काय, तर कुडाच्या चार खोल्या, एक खोल विहीर आणि येईल त्याला भाकरी. महाराजांना मोठमोठ्या चर्चांचा भारी कंटाळा. कुणी पंडित ब्रह्म आणि माया घेऊन आला, की महाराज म्हणायचे, "आधी पाणी घ्या. उन्हातून आलात." पाणी पिऊन झाल्यावर पंडिताला आपला प्रश्न आठवत नसे, आणि महाराजांना तेच हवे असे!

एकदा हिंगलाजमातेची यात्रा करून काही गोसावी मठात उतरले. त्यांनी सांगितले, की सिंधच्या सरहद्दीवर मोठे रेताड लागते आणि तिथे यात्रेकरू पाण्यावाचून वाटेतच प्राण सोडतात. ते ऐकून महाराजांनी पुढचे ताट सरकवले. तिसऱ्या दिवशी आरती झाल्यावर म्हणाले, "त्या वाटेवर कुणीतरी जाऊन राहायला हवे. परत यायचे नाही. तिथेच घर करायचे आणि पाणपोई चालवायची. कोण जातो?"

सगळ्यात आधी उठली चिमाई कुंभारीण. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, घरात एक म्हातारा सासरा रखमाजी. तिच्या मागोमाग आणखी दहाबारा घरे उठली. भक्तहो, आपल्याला शेजारच्या गावी मुक्काम करायचा तरी चार वेळा विचार करावा लागतो. या माणसांनी घरेदारे सोडली, ती न पाहिलेल्या तहानलेल्यांसाठी! चिमाईने आपल्या हाताने घडवलेला रांजण बरोबर घेतला.

निरोप देताना महाराज म्हणाले, "चिमाई, तिथे पोचल्यावर पाणपोई घालू म्हणशील, तर तसे नाही. इथून निघालीस की पाणपोई सुरू. आलेल्याला नाव विचारायचे नाही, आणि तो पिण्याआधी आपण प्यायचे नाही."

"व्हय महाराज," एवढेच चिमाई म्हणाली.

त्याच सुमारास त्या मुलखाच्या सरदारांची एक तुकडी सरहद्दीच्या ठाण्यावर निघाली होती. तिच्या सोबतीने ही मंडळी चालू लागली. तुकडीचा जमादार सुभानराव. माणूस शूर, यात शंका नाही, पण तलवारीपेक्षा जिभेची धार जास्त. उंटावर गवतात गुंडाळलेला रांजण पाहिला आणि त्याला हसू आवरेना.

"काय गं कुंभारणी, रेताडात मडकी इकायला निघालीस व्हय?"

"पाणपोई घालायची हाय, जमादार."

"पाणपोई! आन पाणी कुठलं? तुझा गोसावी आंबेवणीत बसून पाठवनार का?" शिपाई खो खो हसले. चिमाईने पदर सावरला आणि ती पुढे चालू लागली.

गुजरात गेला, मारवाड मागे पडला. झाडे खुजी झाली, मग दिसेनाशी झाली. पुढे नुसती वाळू. दिवसा पाय भाजत, वारा सुटला की डोळ्यांत, दातांत, भाकरीत वाळूच. शिपाई आणि आंबेवणीकर एकाच उन्हात चालत होते आणि एकाच मापाने मोजून पाणी पीत होते. पण मुक्काम पडला की चिमाई रांजण मांडायची. आपल्या माणसांच्या वाट्यातले ओंजळ ओंजळ पाणी त्यात ओतून घ्यायची आणि शेजारी लांब दांड्याचे ओगराळे घेऊन उभी राहायची. कुणाचा घोडा दमलेला, कुणाला ताप भरलेला, ज्याला गरज तो येई. हसणारे शिपाईसुद्धा येत. चिमाई त्यांनाही वाढायची.

असे करता करता एके दिवशी ठरलेली विहीर आली. पाहतात तो ती वाळूने बुजलेली! पुढची विहीर किती लांब, ते वाटाड्यालाही नक्की सांगता येईना. पखालींत पाणी उरले होते, पण सगळ्यांना पुरेल इतके नव्हते.

सुभानरावाने क्षणभर विचार केला. मग त्याने आंबेवणीकरांकडच्या सगळ्या पखाली उंटांसकट ताब्यात घेतल्या.

"आमी चाकरीची मानसं. आमाला ठाण्यावर पोचायलाच पायजे," तो म्हणाला. "तुमी हितंच थांबा. पुढं पाणी घावलं तर मानूस पाठवतो."

"जमादार, म्हातारीकोतारी हायेत आमच्यात," चिमाई हात जोडून म्हणाली. "सासऱ्याला ताप हाय. येक पखाल तरी ठेवा."

"रांजण ऱ्हाऊ दे तुझा," सुभानराव घोड्यावर बसत म्हणाला. "महाराजाला हाक मार, भरून दील त्यो."

तुकडी वाळूच्या टेकाडाआड गेली. रांजणाच्या तळाशी जेमतेम चार बोटे पाणी होते. बायका रडू लागल्या. चिमाईने रांजणावर फडके झाकले, रखमाजीचे डोके मांडीवर घेतले आणि नामस्मरण सुरू केले. भीती तिलाही वाटत होती. का वाटू नये? तीही माणूसच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ उठले. टेकाडे जागची हलली, वाटेच्या खुणा बुजल्या. दुपारी वारा पडला तेव्हा समोरून काही माणसे धडपडत येताना दिसली. जवळ आली तसे कळले, ती सुभानरावाचीच तुकडी! वादळात उंट पखालींसकट उधळले होते. वाट चुकून, गोल फिरून तुकडी निघाली होती तिथेच परत आली होती. जिभा बाहेर आलेल्या, काहींना बोलताही येत नव्हते.

"येक थेंब देऊ नगंस, चिमे!" आंबेवणीकरांमधला एकजण ओरडला. "काल आमाला मरायला टाकून गेली ही मानसं!"

चिमाईने रांजणात पाहिले. तळाशी ओलावा म्हणावा एवढेच पाणी. मांडीवरल्या सासऱ्याचे ओठ फुटलेले. कालपासून त्याने पाणी मागितले नव्हते, आणि आता एवढेच पाणी त्याला पाजले तर तो वाचेल, हे तिला दिसत होते. तिचा हात अडला. भक्तहो, तो हात अडला म्हणून तिला दोष कोण देईल?

रखमाजीने डोळे उघडले. "सूनबाई," तो पुटपुटला, "आलेल्याला दे. मी घरचाच हाय."

चिमाईने डोळे पुसले. "महाराज, तुमचा शब्द," एवढे म्हणून तिने ओगराळे रांजणात घातले. ते भरून वर आले! पहिला शिपाई ओंजळ करून प्याला. दुसरे ओगराळे घातले, तेही भरून आले. एकामागून एक शिपाई प्याले, पोट भरेपर्यंत प्याले. शेवटी सुभानराव पुढे आला, मान खाली घालून. चिमाईने त्याच्याही ओंजळीत धार धरली. मग आंबेवणीकर प्याले, रखमाजी प्याला. सगळ्यात शेवटी चिमाईने घोट घेतला आणि ती हुंदके देऊ लागली.

"आपल्या मठाचं पाणी," ती म्हणाली. "ही चव मी कशी इसरीन?"

रात्री आभाळ स्वच्छ झाले, वाटाड्याला ताऱ्यांवरून दिशा लागली आणि सगळे मिळून सुखरूप सरहद्दीवर पोचले. तिथे चिमाईची पाणपोई उभी राहिली. सुभानरावाने आंबेवणीकरांची माफी मागितली खरी, पण अहंकार कसला चिवट! "रांजण खोल असंल, पानी तळाला दडलं असंल," असे तो स्वतःला समजावत राहिला.

पुढे चाकरी संपवून तो घरी निघाला, तेव्हा चिमाईने निरोप दिला, "आंबेवणीला जाऊन महाराजांना सांगा, पाणपोई चालू हाय." जिने जीव वाचवला, तिला नाही कसे म्हणणार?

आंबेवणीत पोचल्यावर त्याने गावकऱ्यांना वादळाची हकिगत सांगितली. ते एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा म्हणाला, "त्याच सुमाराला येके दुपारी म्हाराज हिरीवर पानी शेंदीत बसले हुते. पोहरा वर काढायचा आन कोरड्या मातीवर वतायचा. आमी म्हनलं, म्हाराज, पानी वाया चाललंय. तर म्हनले, वाया कुठं, ओंजळी हायेत त्या. आन गंमत बगा, माती जरासुदिक भिजली न्हाई! हिरीचा तळ दिसला, तवा थांबले."

सुभानराव तसाच मठात गेला. महाराज ओसरीवर बसले होते. त्यांच्या दोन्ही तळव्यांवर दोराचे खोल वळ अजून होते.

"या जमादार," महाराज हसून म्हणाले. "तुमच्या लोकांची तहान भारी मोठी हो!"

सुभानरावाने हात जोडले. "महाराज, मी पाणी हिसकावून नेलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "तरी मला का पाजलंत?"

"मी कुठे पाजले? ओगराळे चिमाईच्या हातात होते. तिने हात आखडता घेतला असता, तर माझा पोहराही रिकामाच वर आला असता."

ते ऐकले मात्र, सुभानरावाने कमरेची तलवार सोडून बाजूला ठेवली. ज्या डोक्याने कधी सरदारापुढेही पुरते लवणे जाणले नव्हते, ते त्याने महाराजांच्या पायांवर ठेवले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. महाराजांनी वळ उठलेल्या त्याच हातांनी त्याला उठवले आणि म्हणाले, "आधी पाणी घ्या. उन्हातून आलात."