वाढ्यांची गाडी

जनावरं आपलं सुखदुःख एकमेकांना बोलून दाखवत, त्या काळातली ही हकिकत. नदीकाठच्या एका पांजरपोळात कोशा नावाचा म्हातारा बैल आला. जन्मभर ओझी ओढलेल्या कोशाला आता काहीच काम नव्हतं. गव्हाण भरलेली असे, पाणी ताजं असे. तरी महिन्याभरात त्याने खाणं टाकलं.

राखणदार कुत्र्याने त्याच्यापुढे पेंड ठेवली. “इथे तुम्हाला कमी काय आहे?” त्याने विचारलं.

“काहीच नाही,” कोशा म्हणाला. “आज आहे तेच उद्याही असेल. मग उद्या उठायचं कशाला?”

शेजारच्या म्हाताऱ्या लाखी घोडीने हे ऐकलं. ती म्हणाली, “कोशाभाऊ, सोमवारी वाढ्यांची गाडी येतेय, उसाच्या हिरव्या शेंड्यांची. वाढे कुठल्या मातीतले, हे तुम्ही वासावरून ओळखता म्हणे. आम्हाला सांगाल?”

“तोवर उभा राहिलो, तर सांगेन.”

त्या संध्याकाळी त्याने कडब्याच्या चार काड्या चघळल्या. उभं राहायला तेवढं बळ हवं होतं.

सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारीही आली नाही. फाटकाकडे तोंड करून वाट पाहता पाहता कोशा गव्हाणीतला कडबा संपवत राहिला.

गुरुवारी गाडी आली. कोशाने एक पान हुंगलं. “काळ्या रानातले आहेत,” तो म्हणाला, “पण पाटाच्या शेवटाकडचे. पाणी कमी पडलंय.” लाखीने चावून पाहिलं. वाढे खरंच कोरडे होते.

“मग पेंड आणू का?” कुत्र्याने विचारलं.

“आण,” कोशा म्हणाला, “आणि पुढची गाडी कधी येतेय, तेवढं विचारून ये.”